विष आमच्या वाट्याला, उतारा कुणाच्या कपाटात?



पाऊस तोंडावर आलाय. राब भाजून झाले, पेरा होईल, मग आवणी. बाया-माणसं दिवसभर गुडघाभर चिखलात, रात्री भुईवर अंथरूण. आणि दर सालासारखी याही चार महिन्यांत दाभोशापासून मोखाड्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंत कुठून तरी रात्रीची बोंब उठेल. साप चावला!

देशात सापाच्या विषानं दरसाल सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं मरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख माणसं गेली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२० साली छापला. त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरात, बहुतेक खेड्यातली, बरीचशी दवाखान्याचं तोंड न बघता घरीच. शहरातला साहेब सापानं मरत नाही. मरतो तो शेतात राबणारा, जंगलात लाकूडफाटा-रानभाजीला जाणारा, भुईवर निजणारा. म्हणजे आपण.

आणि माणूस गेला की कागदावर दोन वाक्यं येतात. “रुग्णास उशिरा आणले. आधी भगताकडे नेले होते.” झालं, फाईल बंद. चूक मेलेल्याची, चूक त्याच्या अडाणीपणाची. हा लेख या दोन वाक्यांच्या विरोधात आहे.

उशीर कुणी केला?

पाड्याला रस्ता नाही, म्हणून झोळी करून आणावं लागतं. ओहोळाला पूर आला की अर्धी रात्र अलीकडंच जाते. मोबाईलला रेंज नाही, म्हणून एकशेआठला फोन करायला कुणीतरी टेकडीवर धावतो. हा उशीर आदिवासीनं केला का? रस्त्याची मागणी आपण किती वर्षं करतोय? रस्त्याला जंगलखात्याची हरकत, आणि त्याच जंगलात राहायचा आमचा दावा मात्र कपाटात!

बरं, पोचलो. तिथं डॉक्टर असेल तर लस नसते. लस असेल तर ती टोचायची हिंमत नसते. नुकताच शिकून आलेला, बाँडचं एक वर्ष काढायला आलेला पोरगा रात्री एकटा असतो. लसीनं माणसाला रिॲक्शन येईल, नातेवाईक अंगावर येतील, याची त्याला धास्ती. मग तो एक चिठ्ठी लिहितो, “पुढे न्या.” पुढं म्हणजे जव्हार, जव्हारहून नाशिक नाहीतर ठाणे-मुंबई. घाटातल्या वळणावळणावर विष अंगात चढत राहतं. हा उशीर कोणत्या रकान्यात लिहितात? तसा रकानाच नाही.

भगताचं म्हणाल, तर भगत हा सोपा आरोपी आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही. म्हणून दहातले बरेच जण भगताकडून चालत घरी येतात आणि भगताचं नाव होतं. जो खरंच विषानं भरलाय, त्याला मंत्र वाचवत नाही, हेही तितकंच खरं आहे आणि ते आपण आपल्या माणसांना तोंडावर सांगायला पाहिजे. पण माणूस भगताकडं का जातो? भगत रात्री दोन वाजता पाड्यावर असतो, आपल्या बोलीत बोलतो, हाकलत नाही. दवाखाना असा झाला तर कोण जाईल दुसरीकडं?

भगतमंडळींना आमची हात जोडून विनंती आहे. सापाचा माणूस आला की आधी गाडी बोलवा. मंत्र म्हणायचा तर गाडीत बसून म्हणा.

आम्ही विषाला अडाणी नाही

“आदिवासींना विषातलं काही कळत नाही” असं म्हणणाऱ्यानं एकदा आपल्या म्हाताऱ्यांकडं कडूकांद्याची भाजी शिकायला यावं. तो कांदा तसाच खाल्ला तर घसा जळतो, उलट्या होतात. आपल्या बाया त्याच्या चकत्या करतात, उकडतात, रातभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा तो ताटात येतो. कोणता कंद किती वेळ धुवायचा, कोणत्या झाडाच्या चिकानं डोळा जातो, मासे गुंगवायला गेळाचं फळ किती कुटून टाकायचं, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्यांचं आहे. उपासमारीच्या दिवसांत त्या ज्ञानानं जीव तगवले आहेत.

पुढं ऐका. सापाच्या विषावरची लस बनते कशी? सापाचं विष थोडंथोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून बाटलीत भरतात. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, तिच्या नावानं चालणाऱ्या सरकारी कंपनीतही ही लस बनते. पण मुळात लागणारं सापाचं विष कोण काढतं? तामिळनाडूतले इरुला आदिवासी! पूर्वी ते सापाच्या कातड्यावर पोट भरत. वन्यजीव कायद्यानं तो धंदा बंद झाला, तेव्हा १९७८ साली त्यांनी सहकारी सोसायटी काढली. साप धरायचा, विष काढायचं, परत सोडून द्यायचा. देशातल्या लसीला लागणारं बहुतांश विष वर्षानुवर्षं त्या सोसायटीनं पुरवलं. २०२३ साली त्यांच्यातल्या दोघा सर्पमित्रांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे बघा. विष काढणारा हात आदिवासीचा, विषानं मरणारं अंगही आदिवासीचं. मधली बाटली तेवढी आपल्यापर्यंत पोचत नाही.

दवाखान्यात काय माहीत असायला हवं?

आता हे डॉक्टरांसाठी, शिस्टरांसाठी, आणि जास्त करून आपल्यासाठी. कारण काय मागायचं हे माहीत नसलं, तर समोरचा “नाही” म्हणतो आणि आपण मान हलवून परत येतो.

आपल्याकडची लस चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. साप मारून आणायची गरज नाही. लक्षणं बघून उपचार ठरतो.

घोणस आणि फुरसे चावलं की रक्त गोठायचं थांबतं. हे ओळखायला मोठं मशीन लागत नाही. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत थोडं ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय, लस सुरू करा. पहिल्या वेळी गोठलं तरी परत परत बघायचं. लागतं काय? एक काचेची नळी आणि एक घड्याळ. “आमच्याकडे तपासणीची सोय नाही” ही सबब इथं चालत नाही.

मण्यार रात्री चावते, झोपेत. पुष्कळदा दुखत नाही, दाताची खूण दिसत नाही. पहाटे माणूस म्हणतो पोट दुखतंय, घसा धरलाय. मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात भुईवर निजलेला माणूस पहाटे पोटदुखीनं आला, तर ॲसिडिटीची गोळी देऊन घरी धाडू नका. पापण्या बघा. त्याला लस लागते, आणि श्वास थांबायला लागला तर फुग्यानं श्वास देत देत पुढं न्यायचं असतं. डोळे मिटले, अंग हलत नाही, म्हणून तो मेला असं समजायचं नाही.

लसीची मात्रा मोठ्याला जितकी तितकीच लहान पोराला. सापानं पोर लहान बघून विष कमी सोडलेलं नसतं. सुरुवातीला आठ-दहा बाटल्या लागतात. “एक सुई दिली, बघू” याला उपचार म्हणत नाहीत. आधी थोडी टोचून बघायची चाचणी करायची नाही, असं देशाची उपचारपद्धतीच सांगते. रिॲक्शन येऊ शकते, खरंय. त्यासाठी ॲड्रेनॅलीनचं इंजेक्शन बाजूला भरून ठेवायचं असतं. आणि पावडरीच्या लसीला फ्रीज लागतोच असं नाही, म्हणून लाईट गेल्याचं कारणही नको.

पहिली मात्रा जवळच्या दवाखान्यात द्यायची आणि मग गरज असेल तर सोबत माणूस देऊन पुढं पाठवायचं, असा सरकारचाच नियम. आम्ही जास्तीचं काही मागत नाही. सरकारनं जे छापलंय, तेवढंच मागतोय.

हे जमतं, कारण जमलेलं आहे

कुणी म्हणेल, एवढ्या लांब आडरानात हे कसं व्हायचं? त्याला दोन गावांची नावं सांगा.

पहिलं बिरवाडी, रायगड जिल्ह्यातलं महाडजवळचं. तिथल्या साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर काम करत होते. कोकणातल्या लाल विंचवानं पोरं पटापट मरायची, छातीत पाणी भरून. मोठ्या पुस्तकांत उपाय नव्हता. ते रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसले, नाडी मोजली, टिपून ठेवलं, आणि रक्तदाबासाठी वापरायची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी विंचवाच्या विषावर चालते हे दाखवून दिलं. इंग्लंडच्या लॅन्सेट मासिकानं त्यांचं काम छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे खेड्यातल्या दवाखान्यात नुसता उपचारच होतो असं नाही, जगाला शिकवील असं ज्ञानही तयार होतं. तिथं राहणारा आणि बघणारा डॉक्टर पाहिजे.

दुसरं नाव लांबचं नाही. आपल्याच जिल्ह्यातला डहाणू तालुका. तिथं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईच्या संस्थेनं काही वर्षं सापाच्या प्रश्नावर काम केलं. डॉक्टरांना परत शिकवलं, आशाताईंना शिकवलं, भगतांना आणि साप पकडणाऱ्यांना सोबत घेतलं, गावागावांत सांगितलं. सापानं मरणाऱ्यांचं प्रमाण बरंच खाली आलं. साप तेच, जंगल तेच, आदिवासी तेच. बदललं ते एवढंच, की माहिती जिथं पाहिजे तिथं पोचली. डहाणूत जमलं ते डोंगर चढून जव्हार-मोखाड्यात का येत नाही? रस्ता खराब आहे म्हणून का?

ज्याला औषध म्हणतात ते विष

आता दुसरं विष. हे रांगत येत नाही, बाटलीत भरून येतं. त्याला आपण “औषध” म्हणतो. “द्राक्षावर औषध मारायला गेलोय.” “गवताचं औषध आणलंय.” दुकानदारही औषधच म्हणतो. भावांनो, ते औषध नाही. ते विष आहे आणि पहिल्यांदा त्याला विष म्हणायला शिकू.

दिवाळीनंतर अर्धा पाडा जगायला बाहेर पडतो. वीटभट्टीवर, रेतीवर, आणि नाशिककडं द्राक्षाच्या बागांत. तिथं पाठीवर पंप देतात. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं, अंगात घामानं भिजलेला सदरा. संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं, डोळ्यापुढं अंधारी येते. शेठ म्हणतो, ऊन लागलं असेल, लिंबू-सरबत पी. ते ऊन नसतं.

लक्षणं पाठ करा. तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी, भरपूर घाम, उलटी-जुलाब, छातीत घरघर, अंगावर मांस फडफडणं, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी. ही बऱ्याच कीटकनाशकांची खूण आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यांतली नावं. यावरचा पहिला उतारा म्हणजे ॲट्रोपिन. साधं, जुनं, स्वस्त इंजेक्शन. दर पाच मिनिटांनी बघून मात्रा दुप्पट करत जायची, छातीतली घरघर थांबेपर्यंत. बाहुली मोठी झाली म्हणून तिथंच थांबायचं नाही, छाती कोरडी झाली पाहिजे. एका माणसाला पुष्कळ बाटल्या लागू शकतात. आपल्या दवाखान्यात किती ठेवलेल्या असतात, जाऊन मोजून या.

गवत मारायच्या पॅराक्वाट नावाच्या विषावर तर जगात उताराच नाही. युरोपच्या देशांत ते २००७ पासून बंद आहे. आपल्याकडं दुकानात मिळतं.

यवतमाळ आठवतं का? २०१७ चा पावसाळा. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, फवारा उलटा अंगावर. त्या एका हंगामात त्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले, शेकड्यांनी दवाखान्यात पडले, कित्येकांची नजर गेली ती दिवसेंदिवस आली नाही. सरकारनं चौकशी पथक नेमलं. आणि पहिलं बोट कुणाकडं? मेलेल्यांकडं! हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, दोन औषधं एकत्र मिसळली. पण रक्तात विष किती भिनलंय हे दाखवणारी कोलिनेस्टरेजची तपासणी जिल्ह्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात होत नव्हती, हे कुणामुळं? नंतर पाच विषांच्या विक्रीवर बंदी घातली ती साठ दिवसांची. कायद्यात राज्याला थोड्या दिवसांचीच मुभा आहे. साठ दिवस सरले, दुकान परत उघडं.

ओळखलंत ना हे वाक्य? जव्हारमध्ये “भगताकडे नेले”, यवतमाळमध्ये “हातमोजे घातले नाहीत”. साचा एकच.

कायदा काय म्हणतो? कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. प्रत्येक डब्यावर रंगाचा चौकोन असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. डब्यासोबत माहितीपत्रक द्यायचं, त्यात विषबाधेची लक्षणं आणि उतारा लिहायचा, तोही तिथल्या लोकांच्या भाषेत. विष हाताळणाऱ्या कामगाराला अंगरक्षक कपडे द्यायचे, शिकवायचं, असं नियमांत आहे. आणि कायद्याच्या कलम २६ मध्ये राज्य सरकारला अधिकार आहे, की विषबाधेची प्रत्येक घटना कळवणं सक्तीचं करावं. पन्नास वर्षांवर झाली. मोहरीएवढ्या अक्षरातलं ते पत्रक पंप मारणाऱ्याच्या हातात कधी आलं? डबा दुकानातून शेठ आणतो, पत्रक त्याच्या बांधावर उडतं, आणि आपल्या माणसाला फक्त वास येतो.

एक गोष्ट आपल्या घरची. तो रिकामा डबा घरी आणू नका. धुवून त्यात पाणी, तेल, दाणे काही ठेवू नका. बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतलं जेवण जेवून तेवीस पोरं मेली. तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. आपली पोरं आश्रमशाळेत आहेत. तिथल्या कोठीत फवारणीचा एकही डबा नको, हे पालकांनी स्वतः जाऊन बघायचं.

सातबारा नाही, तर मरणही नाही

आता मुद्द्याच्या गाठीवर येतो. संघटना जमिनीची आणि विषावर का लिहिते, असं कुणी विचारेल. त्याला हे वाचून दाखवा.

शेतकऱ्याला अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. मेला तर वारसाला दोन लाख रुपये. त्या अपघातांत साप-विंचू चावणं आहे, कीटकनाशकाची विषबाधाही आहे. चांगली योजना आहे. पण शेतकरी कोण? ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे तो आणि त्याच्या घरातला एक जण. आमचा माणूस बापजाद्यांपासून तोच प्लॉट कसतोय. वनहक्क कायदा २००६ साली झाला, दावा टाकला, पुरावे जोडले, मोजणी झाली, आणि दावा अजून प्रलंबित. त्या प्लॉटात नागली निंदताना त्याला घोणस चावली तर तो कागदावर शेतकरी नाही. द्राक्षबागेत पंप मारताना पडला तर तिथंही तो मजूर, शेतकरी नाही. चिखल त्याचा, घाम त्याचा, विष त्याचं. शेतकरी मात्र दुसराच.

आणि जंगलखातं? साप मारला तर वन्यजीव कायद्यानं गुन्हा, कारण साप वन्यप्राणी. बिबट्यानं, रानडुकरानं माणूस मारला तर खातं भरपाई देतं. साप चावून मेला तर त्या यादीत साप नाही. मारताना वन्यप्राणी, चावताना कुणाचाच नाही!

मोजदादीतही तेच. घरी मेलेला, वाटेत झोळीत मेलेला, परजिल्ह्यातल्या बागेत मेलेला, हे कुठल्याच रजिस्टरात येत नाहीत. केंद्रीय आरोग्य सचिवांनी २०२४ च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं, की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. त्याच साली मार्चमध्ये केंद्रानं कृती आराखडा काढला, की २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे. निम्मे कशाचे? जे मोजलेच नाहीत त्यांचे निम्मे किती होतात?

म्हणून म्हणतो, जमिनीची लढाई आणि लसीची लढाई वेगळी नाही. ज्याच्या नावानं जमीन नाही, त्याचं मरणही सरकारच्या नावावर चढत नाही.

डॉक्टरसाहेब, हे तुमच्यासाठी

आमचा राग तुमच्यावर नाही. रात्री एकट्यानं वीस गावांचा दवाखाना सांभाळणं सोपं नाही, हे आम्हाला कळतं. तुम्हालाही कुणी नीट शिकवून पाठवलेलं नसतं. पण एक नंबर तुमच्या टेबलावर चिकटवून ठेवा. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १९९५ पासून. रात्रंदिवस चालू, फोन फुकट: १८०० ११६ ११७. काय प्यायलंय, काय लक्षणं आहेत, सांगा. तिथले डॉक्टर उतारा सांगतात. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला जी माहिती मिळते, ती या फोनवर जव्हारच्या डॉक्टरलाही मिळते. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता “पुढे न्या” लिहिण्यात आहे.

आणि “ही पोलीस केस आहे, आधी पोलिसांना आणा” असं कृपा करून म्हणू नका. आधी उपचार, मग पंचनामा, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच सांगितलंय. १९९६ साली पश्चिम बंगालच्या शेतमजुरांच्या संघटनेच्या खटल्यात कोर्ट म्हणालं, की सरकारी दवाखान्यानं वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क मोडणं. पैसा नाही, खाट नाही, ही सरकारची सबब चालणार नाही. तो खटला वकिलांनी हौसेनं लढवलेला नव्हता. आपल्यासारख्या मजुरांनी लढवला होता.

ग्रामसभेत मांडायचा ठराव

जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्र आहे. पेसा कायद्यानं गावातल्या आरोग्यासारख्या सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि नोकरांवर नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला आहे. तो कागदावर राहू द्यायचा नाही. पुढच्या ग्रामसभेत हे लिहून घ्या, सह्या-अंगठे घ्या, पोच घ्या:

१. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषाची लस, ॲड्रेनॅलीन, ॲट्रोपिन, निओस्टिग्मिन आणि श्वास द्यायचा फुगा किती आहेत, हे दर महिन्याला दाराबाहेरच्या फळ्यावर लिहावं.

२. पावसाळ्याआधी प्रत्येक डॉक्टर, शिस्टर, आशाताईचं साप आणि कीटकनाशकाच्या विषाचं प्रशिक्षण व्हावं. डहाणूसारखं.

३. पुढं पाठवताना पहिली मात्रा दिली का, किती वाजता दिली, हे चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय चिठ्ठी द्यायची नाही.

४. घरी, वाटेत, परजिल्ह्यात विषानं मेलेल्या प्रत्येकाची नोंद व्हावी. ग्रामसभाही आपलं रजिस्टर ठेवील.

५. वनहक्काचा दावा टाकलेल्या प्रत्येक कसणाऱ्याला आणि शेतमजुराला अपघात अनुदानात धरावं. दावे निकाली काढा, तोवर दाव्याची पोच हाच पुरावा माना.

६. कामाला नेणाऱ्या मुकादमानं आणि बागायतदारानं फवारणीचे कपडे आणि मराठीतलं पत्रक दिल्याशिवाय आपला माणूस पंप उचलणार नाही.

सहावा ठराव सरकारवर नाही, आपल्यावर आहे. बयाणा घेताना बोला. नंतर बोलायला जीव राहील याची खात्री नाही.

हे पान फाडून भिंतीला लावा

साप चावला तर: माणसाला धीर द्या, चालवू नका. हात-पाय मोडल्यासारखा फळीला हलका बांधून स्थिर ठेवा. अंगठी, कडं, वाळा काढा. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. किती वाजता चावला ते लिहा. एकशेआठ बोलवा, नाहीतर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्या. रात्री मच्छरदाणी गादीखाली खोचून निजा, बाहेर जाताना बॅटरी घ्या.

फवारणीचं विष अंगावर पडलं तर: वाऱ्याला आणा, कपडे काढा, साबण-पाण्यानं भरपूर धुवा, डोळे नुसत्या पाण्यानं धुवा. पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. डबा किंवा त्यावरचा कागद सोबत न्या, डॉक्टरला नाव वाचू द्या.

जमीन आमच्या हक्काची, तसा उताराही आमच्या हक्काचा. लस द्या, माहिती द्या, सातबारा द्या!

जिंदाबाद!